उपऱ्यांचा खेळ

पुणे–नगर रस्त्यावर शिक्रापूर मागे पडलं की थोड्याच वेळात रांजणगाव येतं. अष्टविनायकांपैकी महागणपती इथला, म्हणून चतुर्थीला रस्ता तुंबतो. एमआयडीसीही इथलीच, म्हणून शिफ्ट सुटतानाही तुंबतो. या गावाचा फुटबॉलशी काय संबंध, असं विचारलं तर चहाच्या टपरीवरचा माणूस तुमच्याकडे बघतच राहील. पण संबंध आहे. एलजीच्या इथल्या कारखान्यात टीव्ही बनतात, ज्यांवर सामने बघितले जातात. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतल्या कारखान्यातून २०१७पासून जीप कंपास बाहेर पडू लागली. जिथे गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं अशा देशांत ती इथूनच जाऊ लागली, आणि त्यात ऑस्ट्रेलियाही होता. ‘जीप’ ही अक्षरं तर त्याच्या आधीपासूनच, म्हणजे २०१२पासून, इटलीतल्या युव्हेंटस क्लबच्या खेळाडूंच्या छातीवर झळकत होती. आपल्या शेजारच्या शेडमध्ये जी गाडी जुळवली जाते, तिचं नाव कुणाच्या जर्सीवर आहे, हे कारेगावात खोली घेऊन राहणाऱ्या फिटरला माहीत असेलच असं नाही. असायलाच हवं असंही नाही.

कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव या पट्ट्यात पहिला प्रश्न ‘नाव काय’ हा नसतो, ‘कुठले?’ हा असतो. परभणी, बुलढाणा, लातूर, आणि मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या, अशी मागणी इथे दर काही वर्षांनी उठते. तिच्यात तथ्य किती आणि राजकारण किती, हा या प्रकरणाचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की कारखाने येतात तिथे बाहेरची माणसं येतात, आणि ती रिकाम्या हातांनी येत नाहीत. भाषा, देव, लोणचं आणि खेळ ती बरोबर आणतात. इथे खेळाचा प्रश्न आला नाही, कारण बिहारचा मुलगा आणि शिरूरचा मुलगा दोघंही क्रिकेटच खेळतात. रविवारी मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलची मॅच लागली की कोण कुठला हे फक्त शिव्यांवरून कळतं.

पण समजा, बाहेरून आलेल्यांचा खेळच निराळा असता, तर? आणि गावकऱ्यांना तो खेळ म्हणजे हलक्या लोकांचं काम वाटत असतं, तर? ऑस्ट्रेलियात नेमकं असंच झालं होतं. तो खेळ फुटबॉल होता, आणि त्याला देशाच्या दिवाणखान्यात नेऊन बसवणारा माणूस स्वतः निर्वासित होता. जगाला तो लेस मरे या नावाने माहीत आहे.

हे त्याचं जन्मनाव नव्हे. तो ५ नोव्हेंबर १९४५ रोजी हंगेरीत जन्मला तेव्हा त्याचं नाव लास्लो उर्गे होतं. त्याच्या लहानपणी हंगेरीत फुटबॉल म्हणजे काय होतं, हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं आहे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६–३ असं हरवलं. युरोप खंडातला कुठलाही संघ त्याआधी तिथे येऊन इंग्लंडला हरवून गेला नव्हता. ज्यांनी खेळाचे नियम केले त्यांनाच त्यांच्या अंगणात खेळ शिकवल्यासारखं ते होतं. हंगेरीचा कर्णधार फेरेन्त्स पुश्काश. तिकडे सारा देश रेडिओला कान लावून बसला होता, आणि रेडिओवर आवाज होता द्यॉर्द्य सेपेशी या समालोचकाचा. लास्लो तेव्हा नुकताच आठ वर्षांचा झाला होता. पुढच्याच वर्षी बर्नमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल करूनही हंगेरी पश्चिम जर्मनीकडून ३–२ अशी हरली. त्या पराभवाची हळहळ हंगेरियन माणूस आजही करतो. जिंकण्याची धुंदी आणि हरण्याचं दुःख या दोन्ही गोष्टी त्या पिढीच्या मुलांना रेडिओवरून मिळाल्या, डोळ्यांनी न बघता.

मग १९५६चा ऑक्टोबर आला. बुडापेस्टमध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला, आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. सुमारे दोन लाख हंगेरियन देश सोडून पळाले. उर्गे कुटुंबही त्यांत होतं. माणसं सीमेपार नेण्याचा धंदा करणाऱ्या एका माणसाने त्यांना रात्रीच्या अंधारात ऑस्ट्रियात पोचवलं. पोलीस ज्याला तस्कर म्हणतात तसा तो माणूस. तो पुढे पुन्हा येईल.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या मुंबईतून जातं. त्याच १९५६च्या नोव्हेंबर–डिसेंबरात मेलबर्नमध्ये ऑलिंपिक होतं. फुटबॉलच्या पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. पुढच्या फेरीत १ डिसेंबरला समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारताने त्यांना ४–२ हरवलं, आणि त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. मूळ गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा खेळाडू ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. भारत त्या वेळी चौथा आला, आणि इतका वर पुन्हा कधी गेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर मुंबईचा माणूस तीन गोल मारून गेला आणि तिथल्या बहुतेकांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं, ते का, हे कळलं की लेस मरेचं काम समजतं.

त्या काळातल्या ऑस्ट्रेलियात ‘फुटबॉल’ या शब्दाचा अर्थ तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरायचा. मेलबर्नमध्ये तो ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे लांबट चेंडूचा, हाताने ठोसा मारत पुढे सरकणारा त्यांचा स्वतःचा खेळ. सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये तो रग्बी लीग. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो सॉकर, आणि सॉकर म्हणजे उपऱ्यांचा खेळ. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, हंगेरी, माल्टा इथून लाखो माणसं आली. कारखान्यांत आणि धरणांच्या कामांवर ती राबली आणि रविवारी आपापले क्लब काढून खेळू लागली. त्या क्लबांची नावं बघा: साउथ मेलबर्न हेलास ग्रीकांचा, सिडनी हाकोआ ज्यूंचा, मार्कोनी इटालियनांचा, सेंट जॉर्ज बुडापेस्ट हंगेरियनांचा, मेलबर्न क्रोएशिया नावाप्रमाणे. ब्रन्सविक नावाच्या मेलबर्नच्या उपनगरात युव्हेंटससुद्धा होता, जीपवाला नव्हे, स्थलांतरित इटालियनांचा.

आपल्याकडे कोल्हापुरात हे उलट्या बाजूने दिसतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तिथे संघाचं नाव म्हणजे पेठेचं नाव, मागच्या चार पिढ्यांची ओळख. शाहू स्टेडियमवर दोन तालमी भिडल्या की सगळं शहर दोन तट पाडून बसतं. कोल्हापूरकराला फुटबॉल परका वाटत नाही, कारण तो तालमीतून, म्हणजे घरातूनच आला. ऑस्ट्रेलियात संघाचं नाव म्हणजे सोडून आलेल्या देशाचं नाव. त्यामुळे तिथला गोरा, इंग्रजी बोलणारा भूमिपुत्र म्हणायचा, हे लोक इथलं खातात आणि तिकडचं गातात. हे वाक्य आपल्यालाही ओळखीचं वाटेल.

उर्गे कुटुंब १९५७मध्ये ऑस्ट्रेलियात पोचलं आणि सिडनीच्या दक्षिणेला वुलॉन्गॉन्ग इथे स्थिरावलं. शेजारच्या पोर्ट केम्बलात पोलादाचा प्रचंड कारखाना, कोळशाच्या खाणी, आणि कामगारांत निम्म्या युरोपच्या भाषा. शाळेत इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही आणि घरी हंगेरियनशिवाय. लास्लो शिकला, मोठा झाला, आणि आधी चक्क गायक झाला. साठच्या दशकातल्या मुलासारखं रॉक बँडमध्ये गायचा. बँडचं नाव ‘द रबर बँड’. १९७१मध्ये तो पत्रकारितेत आला. १९७७मध्ये ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय सॉकर लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी तो नेटवर्क टेन या वाहिनीवर तिच्या सामन्यांचं समालोचन करू लागला. तेव्हाच धंद्याच्या सोयीसाठी त्याने नाव बदललं. लास्लो उर्गे गेला, लेस मरे आला. स्कॉटिश वाटावं असं, दोन उच्चारांत संपणारं, कुणालाही न अडणारं नाव.

१९८०मध्ये त्याला जी नोकरी मिळाली, ती फुटबॉलची नव्हती. ती भाषांतराची होती. त्यासाठी एसबीएस या प्रसारणसंस्थेची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. १९७५मध्ये ऑस्ट्रेलियाने मेडिबँक ही आरोग्यविमा योजना आणली, आणि सरकारच्या लक्षात आलं की लाखो स्थलांतरितांना ती इंग्रजीत कळणारच नाही. म्हणून सिडनी आणि मेलबर्नमध्ये परभाषांतून बोलणारी दोन रेडिओ केंद्रं सुरू झाली. त्यातूनच पुढे स्पेशल ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस, म्हणजे एसबीएस, उभी राहिली आणि २४ ऑक्टोबर १९८० रोजी तिची दूरचित्रवाणी सुरू झाली. सगळ्या जगाचे चित्रपट, बातम्या, मालिका मूळ भाषेत, खाली इंग्रजी उपशीर्षकं. लेस मरे तिथे हंगेरियन कार्यक्रमांची उपशीर्षकं लिहायला लागला.

आता अशा वाहिनीपुढचा पेच बघा. ग्रीक चित्रपट लावला की ग्रीक खूश, बाकीचे उठून जातात. क्रोएशियन मालिका लावली की सर्ब चिडतात. सगळ्यांना एकाच वेळी पडद्यासमोर बसवणारी गोष्ट एकच, आणि तिला उपशीर्षकं लागत नाहीत. शिवाय सॉकरचे प्रक्षेपण हक्क स्वस्त होते, कारण मोठ्या व्यापारी वाहिन्यांना ते नकोच होते. म्हणजे प्रेक्षक तयार, किंमत कमी, स्पर्धक नाही. लेस मरे थोड्याच काळात उपशीर्षकांच्या टेबलावरून उठून कॅमेऱ्यासमोर आला आणि पुढची तीन दशकं तिथेच राहिला. वाहिनीवर फुटबॉल इतका झाला, की एसबीएस या तीन अक्षरांचा लोकांनी नवाच विस्तार केला: सॉकर ब्लडी सॉकर. टोमणाच होता तो, पण टोमणा मारायला वाहिनी बघावी लागते.

१९८६पासून विश्वचषक म्हणजे एसबीएस आणि एसबीएस म्हणजे लेस मरे, असं समीकरण झालं. वेळेचं गणित तिथे आपल्याहून वाईट. रोममध्ये रात्री नऊला सामना सुरू झाला की भारतात साडेबारा वाजलेले असतात, सिडनीत पहाटेचे पाच. जून महिना म्हणजे तिकडे थंडी. त्या वेळेला उठून, ब्लँकेट गुंडाळून टीव्ही लावावा तर समोर नीट टाय बांधलेला, जराशा घोगऱ्या आवाजात सावकाश बोलणारा हा माणूस. ओरडणं नाही, अंगविक्षेप नाहीत. आपण १९८६चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिला आणि त्यातून मॅराडोनावेडी एक अख्खी पिढी निघाली. पण त्या प्रक्षेपणातला निवेदकाचा चेहरा सांगा म्हटलं तर कुणालाही आठवायचा नाही. ऑस्ट्रेलियनांना मॅराडोनाबरोबर तो चेहराही आठवतो.

मरेची ख्याती ज्या एका गोष्टीची, ती म्हणजे नावांचे उच्चार. ब्राझीलचा खेळाडू असो, पोलंडचा असो की कॅमेरूनचा, त्याच्या मायभूमीत आई त्याला जशी हाक मारेल तसंच नाव घ्यायचं, हा त्याचा दंडक होता. हंगेरियनमध्ये नुसता ‘एस’ असला की उच्चार ‘श’ होतो आणि ‘एस-झेड’ जोडून आले की ‘स’. त्यामुळे इंग्रजी डोळ्याला जो पुस्कास दिसतो तो खरा पुश्काश. इतक्या बारकाव्याने तो सगळ्या भाषांकडे बघायचा. इंग्रजी समालोचकांना हे चोचले वाटायचे. काहींना तर हा माणूस मुद्दाम ऐट करतो असं वाटायचं, आणि त्याची नक्कल करणं हा तिथे विनोदाचा हमखास प्रकार झाला.

आपल्याला यात नवल वाटू नये. गावसकरांचं ‘गवॅस्कर’ करणारे आणि वेंगसरकरांपाशी येऊन अडखळणारे समालोचक आपण रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकले. राग यायचा, पण आपला माणूस त्यांच्या देशात जाऊन शतकं ठोकत होता, त्यामुळे राग गिळता यायचा. वुलॉन्गॉन्गच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या क्रोएशियन बापाकडे असं काही नव्हतं. फोरमन त्याच्या नावाचे तुकडे करायचा, शाळा त्याच्या मुलाचं नाव परस्पर ‘जॉन’ करून टाकायची. आणि मग एका पहाटे सरकारी पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर, कोट घातलेला एक माणूस त्याच्या गावाकडच्या खेळाडूचं नाव एकही अक्षर न सांडता उच्चारतो. खेळाची लोकप्रियता वाढली ती पुढची गोष्ट. माझ्या मते लेस मरेचं खरं काम इथे आहे. ज्याला पोटासाठी स्वतःचं नाव टाकून द्यावं लागलं, त्याने दुसऱ्या कुणाच्या नावाला धक्का लागू दिला नाही. त्याने हे प्रायश्चित्त म्हणून केलं की सहज, ते त्याचं त्याला ठाऊक. मला तरी ते सहज वाटत नाही.

त्याचं नाव आणि बोलणं यांतली ही विसंगती लोकांच्या नजरेतून सुटली नव्हती. नाव स्कॉटिश, आणि बोलतो मात्र सगळ्या युरोपचा असल्यासारखा. मेलबर्नच्या टीआयएसएम या, मुखवटे घालून गाणाऱ्या बँडने १९९५मध्ये गाणंच काढलं, ज्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: लेस मरे नेमका कुठला? म्हणजे आपल्या कारेगावचा तोच ‘कुठले?’ फरक इतकाच, की तिथे आता तो चेष्टेत आणि मायेने विचारला जात होता. ज्याच्यावर गाणी होतात तो परका राहत नाही.

मराठीत अशा कामाची बरोबरी शोधायची तर मला बाळ ज. पंडित आठवतात. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन करून त्यांनी इंग्रजांचा, जिमखान्यांचा खेळ बांधावर बसलेल्या माणसाच्या कानात आणून सोडला. पण दोघांच्या वाटा उलट आहेत. पंडितांनी परका खेळ घरच्या भाषेत आणला. मरेने खेळ परक्या उच्चारांसकट जसाच्या तसा ठेवला आणि घरच्यांना त्याची सवय लावली. दुसरं काम जास्त अवघड, असं मला वाटतं, कारण त्यात यजमानाला बदलायला सांगावं लागतं.

हे तो एकट्याने करू शकला नसता. त्याचा जोडीदार जॉनी वॉरन, सिडनीतच जन्मलेला, इंग्रजी घरातला, ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार आणि १९७४च्या विश्वचषकातला खेळाडू. क्लब मात्र सेंट जॉर्ज बुडापेस्ट, म्हणजे हंगेरियनांचा. एक निर्वासित ज्याने इथलं नाव घेतलं, आणि एक भूमिपुत्र ज्याने उपऱ्यांचा खेळ घेतला. लोक या जोडीला ‘मिस्टर अँड मिसेस सॉकर’ म्हणत. वॉरनने २००२मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या शीर्षकात तीन शिव्या आहेत: बायकांसाठीची, दक्षिण युरोपातल्या स्थलांतरितांसाठीची आणि समलिंगी पुरुषांसाठीची. त्याच्या लहानपणी सॉकर खेळणाऱ्या मुलाची या तिन्हींत गणना व्हायची, हे त्याला सांगायचं होतं. भूमिपुत्राने सांगितलं म्हणून ते ऐकलं गेलं. मरेने हेच लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, रडगाणं सुरू झालं.

१९७४नंतर ऑस्ट्रेलिया विश्वचषकाच्या दाराशी जाऊन जाऊन परत येत राहिला. सगळ्यांत जिव्हारी लागलं ते २९ नोव्हेंबर १९९७ला. मेलबर्न क्रिकेट मैदानावर सुमारे ८५ हजार प्रेक्षक, समोर इराण, ऑस्ट्रेलिया २–० ने पुढे. मैदानात घुसून गोलची जाळी ओढणाऱ्या एका वेड्या प्रेक्षकामुळे खेळ थांबला, आणि परत सुरू झाल्यावर इराणने दोन गोल केले. २–२. तेहरानमध्ये १–१ झाला होता, त्यामुळे परक्या मैदानावरच्या गोलांच्या हिशेबात इराण विश्वचषकासाठी फ्रान्सला गेला. स्टुडिओत वॉरन कॅमेऱ्यासमोर रडला. मरे शेजारी बसून होता. त्रेचाळीस वर्षांपूर्वी बर्नच्या पराभवावर रडलेल्या देशातून आलेल्या माणसाला हे नवं नसावं.

वॉरन नोव्हेंबर २००४मध्ये कर्करोगाने गेला. लोकांनी आपल्याला कशासाठी लक्षात ठेवावं, असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं होतं, ‘मी सांगितलं होतं ना!’ वर्षभराने, १६ नोव्हेंबर २००५च्या रात्री, सिडनीत उरुग्वेविरुद्धचा सामना पेनल्टी किकवर गेला. गोलरक्षक मार्क श्वार्झरने दोन फटके अडवले आणि जॉन अलॉयसीने शेवटचा मारला. ८२ हजारांहून अधिक लोक मैदानात होते, आणि वॉरनचं ते वाक्य लिहिलेले फलक त्यांच्या हातांत होते. बत्तीस वर्षांनी ऑस्ट्रेलिया विश्वचषकाला चालला होता. त्या संघातली नावं वाचून बघा: श्वार्झर, अलॉयसी, विडुका, ब्रेशियानो, स्कोको, चुलिना. फोरमन ज्यांचे तुकडे करायचा तीच नावं.

आणि नेमकं याच सुमारास एसबीएसच्या हातून खेळ निसटू लागला. देशातल्या लीगचे हक्क नव्वदच्या दशकाच्या अखेरीलाच सेव्हन या बड्या वाहिनीकडे गेले होते, आणि सेव्हनने तो खेळ दाखवण्यापेक्षा झाकूनच ठेवला, अशी चाहत्यांची तक्रार होती. जुनी लीग मोडली आणि २००५मध्ये ए-लीग आली. आता क्लबांच्या नावांत हेलास नको, क्रोएशिया नको. शहरांची स्वच्छ, कुणालाही न खुपणारी नावं हवीत. म्हणजे लास्लो उर्गेने १९७७मध्ये जे स्वतःचं केलं, तेच आता क्लबांचं झालं. प्रक्षेपणाचे हक्क पैसे भरून बघायच्या फॉक्स स्पोर्ट्सकडे गेले. फुटबॉल प्रतिष्ठित झाला, आणि प्रतिष्ठित झाल्याबरोबर फुकट बघायला मिळेनासा झाला. साउथ मेलबर्न हेलासचा जुना ग्रीक सभासद याला यश म्हणेल का? १९९१मध्ये याच क्लबला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं तेव्हा प्रशिक्षक होता प्रत्यक्ष पुश्काश, आणि कर्णधार होता अथेन्सहून लहानपणी आलेला अँजे पोस्टेकोग्लू, ज्याने पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाला शिकवलं आणि मग टॉटनहॅमला. ए-लीगमध्ये त्या क्लबला जागा नव्हती.

१२ जून २००६ हा दिवस मात्र मरेच्या आयुष्यात कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवल्यासारखा आहे. राणीच्या वाढदिवसानिमित्त जाहीर होणाऱ्या यादीत त्या दिवशी त्याचं नाव आलं: फुटबॉलच्या सेवेसाठी ‘मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’. आणि त्याच दिवशी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला ऑस्ट्रेलिया जपानविरुद्ध १–० ने मागे होता. ८४व्या मिनिटाला टिम केहिलने गोल केला. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेतला ऑस्ट्रेलियाचा हा पहिलाच गोल. १९७४च्या तीन सामन्यांत एकही झाला नव्हता. पाच मिनिटांनी केहिलचाच दुसरा, आणि भरपाईच्या वेळेत अलॉयसीचा तिसरा. ३–१.

मरे १९९६ ते २००६ एसबीएसच्या क्रीडा विभागाचा प्रमुख होता. फिफाच्या नीतिसमितीवरही तो होता. २०१४मध्ये त्याने वाहिनी सोडली. पण त्याच्या उत्तरकाळातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट फुटबॉलची नाही. २०११मध्ये तो एसबीएसच्या ‘डेटलाइन’ या कार्यक्रमासाठी हंगेरीला गेला, आपल्या कुटुंबाला सीमेपार पोचवणाऱ्या त्या माणसाचा माग काढायला. हे ज्या काळात झालं तो बघितला पाहिजे. तेव्हा ऑस्ट्रेलियात इंडोनेशियाच्या बाजूने होड्यांतून येणाऱ्या निर्वासितांवरून राजकारण पेटलं होतं. दोनच वर्षांपूर्वी पंतप्रधान केव्हिन रड यांनी अशी माणसं आणणाऱ्या तस्करांना माणुसकीला कलंक ठरवून त्यांनी नरकात सडावं असं जाहीरपणे म्हटलं होतं. देशातल्या सगळ्यांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक उठून आपल्या तस्कराला शोधायला निघाला, तेही कॅमेरा घेऊन. याला भाष्य लागत नाही.

३१ जुलै २०१७ रोजी, ७१व्या वर्षी, सिडनीत त्याचं निधन झालं. ऑगस्टमध्ये सेंट मेरीज कथीड्रलमध्ये त्याला सरकारी इतमामात निरोप देण्यात आला. त्या महिन्यात होडीतून आलेली माणसं ऑस्ट्रेलियाने नाऊरू आणि मानस या बेटांवर ठेवली होती, आणि त्यांना देशात पाऊल ठेवू द्यायचं नाही हे सरकारचं धोरण होतं.